दुधाचे दात ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडून द्यायचे का? किडलेल्या दाताचा खालच्या कायमच्या दातावर होणारा परिणाम

लहान मुलाची दाढ किडली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप. नवीन येईल तो चांगलाच येईल.’ यातला पहिला भाग खरा आहे, दुधाचा दात पडतोच. दुसऱ्या भागाची मात्र खात्री देता येत नाही. कारण नवीन दात हा जुना पडल्यावर तयार होत नाही. जुना दात तोंडात असतानाच, त्याच्या मुळांपाशी, जबड्याच्या हाडात तो घडत असतो. वरच्या दातात पू झाला तर त्याची झळ या घडणाऱ्या दाताला लागू शकते. आणि ते कळते काही वर्षांनी, तो दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा.

हा प्रश्न थोड्याथोडक्या मुलांचा नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांना दातांची कीड आढळली होती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसरे मूल.

एकाच जागी दोन दात

दुधाचे दात एकूण २० असतात. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दात दिसू लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे दात येतात. वरच्या आणि खालच्या जबड्यात प्रत्येकी चार पटाशीचे दात, दोन सुळे आणि चार दाढा अशी त्यांची मांडणी असते.

या प्रत्येक दाताला एक वारस असतो. पुढच्या दातांचे वारस त्यांच्या मुळांच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिभेच्या किंवा टाळूच्या दिशेला असतात. दाढांचे वारस म्हणजे उपदाढा. त्या दुधाच्या दाढेच्या पसरलेल्या मुळांच्या मधोमध बसलेल्या असतात. चिमट्यात शेंगदाणा धरावा, तशी ही रचना दिसते. डॉक्टरांनी लहान मुलाच्या जबड्याचा एक्स-रे दाखवला तर पालकांनाही ती सहज ओळखता येते. वर दुधाची दाढ, तिची मुळे खाली फाकलेली आणि मुळांच्या मध्ये गोलसर कळी. हीच कळी म्हणजे पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा दात.

पुढे हा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते, दात हलू लागतो आणि पडतो. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचा किंवा कौलावर फेकायचा, ही रीत पुष्कळ घरांत आहे. पण तो टाकण्याचा दिवस येईपर्यंत खालच्या दाताचा वरचा भाग पूर्ण घडून गेलेला असतो. त्यात सुधारणा करण्याची वेळ तेव्हा संपलेली असते.

कोणता कायमचा दात कधी घडतो?

दाताच्या वरच्या कडक पांढऱ्या थराला इनॅमल म्हणतात. कायमच्या दातांचे इनॅमल घडण्याचा काळ साधारण असा असतो:

• सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ: जन्माच्या सुमारास सुरुवात, तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण
• पुढचे पटाशीचे दात: पहिल्या वर्षात सुरुवात, चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण
• सुळे: पहिल्या वर्षात सुरुवात, सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत पूर्ण
• उपदाढा: दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान सुरुवात, पाचव्या ते सातव्या वर्षापर्यंत पूर्ण

यातली शेवटची ओळ महत्त्वाची आहे. उपदाढा घडतात नेमक्या त्याच वर्षांत, ज्या वर्षांत त्यांच्यावरच्या दुधाच्या दाढा किडतात. मूल तेव्हा अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात असते. उपदाढ तोंडात दिसते दहाव्या ते बाराव्या वर्षी, म्हणजे पाचवी-सहावीत. बिघाड होणे आणि बिघाड दिसणे यांत असे पाच-सात वर्षांचे अंतर पडते. म्हणूनच बारा वर्षांच्या मुलाच्या पिवळ्या, खडबडीत उपदाढेचा संबंध त्याच्या चौथ्या वर्षीच्या गळूशी आहे, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

कीड खालपर्यंत पोहोचते कशी?

मराठीत आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो, पण दातात किडा किंवा अळी नसते. नळी लावून किंवा धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणे ही निव्वळ फसवणूक आहे. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल इनॅमल विरघळवते आणि खड्डा पडतो.

मोठ्यांच्या दातापेक्षा दुधाच्या दातात हा खड्डा लवकर खोल जातो. त्याची तीन कारणे आहेत:

• दुधाच्या दाताचे इनॅमल कायमच्या दाताच्या साधारण निम्मेच जाड असते.
• आतली नस, म्हणजे पल्प, दाताच्या आकाराच्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते.
• दुधाच्या दाढेचा आतला तळ पातळ असतो आणि त्यात बारीक वाटा असतात. नस मेली की संसर्ग या वाटांनी थेट दोन मुळांच्या मधल्या हाडात उतरतो. उपदाढेची कळी बसलेली असते ती नेमकी तिथेच.

मुळांमधल्या हाडात पू झाला की तिथले हाड विरघळू लागते. कळीभोवती एक पातळ पिशवी असते. ती काही काळ संरक्षण देते. पण संसर्ग महिनोन्‌महिने राहिला तर ही पिशवी कायम तग धरेलच असे नाही.

कायमच्या दाताचे काय होते?

इनॅमल तयार करणाऱ्या पेशी नाजूक असतात. पू आणि सूज त्यांच्यापर्यंत पोहोचली तर त्यांचे काम मंदावते, बिघडते किंवा थांबते. जिथे काम थांबले तिथे इनॅमल पातळ राहते किंवा तयारच होत नाही. दात बाहेर येईपर्यंत या पेशी नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे राहून गेलेले इनॅमल शरीराला पुन्हा कधीच बनवता येत नाही. हाड मोडले तर जुळते, त्वचा फाटली तर भरून येते. इनॅमलचे तसे नाही.

दुधाच्या दाताच्या संसर्गामुळे एखाद्याच कायमच्या दाताचे इनॅमल असे बिघडते, तेव्हा त्या दाताला ‘टर्नर दात’ म्हणतात. इंग्लंडमधील दंतवैद्य टर्नर यांनी १९१२ मध्ये अशा दातांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. असे दात बहुतेक वेळा उपदाढांच्या जागी दिसतात. वरच्या पुढच्या दातांतही दिसतात, पण तिथे लहानपणी पडून दुधाच्या दाताला लागलेला मार हेही मोठे कारण असते.

परिणाम कमी-जास्त तीव्रतेचे असतात:

• सर्वांत सौम्य: दातावर पांढरा, पिवळा किंवा तपकिरी डाग
• त्यापुढे: इनॅमलवर खळगे, चरे, खडबडीतपणा. अशा दातावर अन्न अडकते, तो थंड-गरम लागल्यावर ठणकतो आणि लवकर किडतो
• तीव्र: दाताचा वरचा भाग लहान, वेडावाकडा राहणे
• क्वचित: दाताची वाढ थांबणे, कळी भलत्या दिशेला ढकलली जाणे किंवा तिच्याभोवती पाण्याची गाठ (सिस्ट) तयार होणे

दात येण्याची वेळही चुकू शकते. संसर्गाने वरचे हाड खाऊन टाकले तर कायमचा दात मूळ पुरेसे वाढण्याआधीच वर येतो आणि हलत राहतो. उलट, दुधाचा दात फार लवकर काढावा लागला तर त्या जागी हाड आणि हिरडी घट्ट होऊन नवीन दात उशिरा येतो.

किडलेल्या प्रत्येक दुधाच्या दाताखाली बिघडलेला दात असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. कीड वरच्या थरांतच असेल तर खालच्या कळीला काही होत नाही. पू झाला तरी बरेच दात चांगले येतात. संसर्ग झाला तेव्हा मुलाचे वय किती होते, तो किती दिवस राहिला आणि कळीच्या किती जवळ होता, यावर परिणाम ठरतो. मूल जितके लहान आणि संसर्ग जितका जुना, तितका धोका जास्त. यातले वय पालकांच्या हातात नसते. संसर्ग किती दिवस राहू द्यायचा, हे मात्र असते.

डाग दिसला म्हणजे हेच कारण असते का?

नाही. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात. त्याला फ्लोरोसिस म्हणतात. फरक ओळखण्याची साधी खूण अशी: फ्लोरोसिसचे डाग दोन्ही बाजूंच्या सारख्या दातांवर, अनेक दातांवर एकदम असतात. टर्नर दात सहसा एकटा असतो. उजवीकडची उपदाढ डागाळलेली आणि डावीकडची स्वच्छ असेल, तर उजवीकडची दुधाची दाढ पूर्वी किडली होती का, हे आठवून पाहावे. पहिल्या वर्षा-दोन वर्षांतले आजार आणि इतर कारणांनीही इनॅमल बिघडते, त्यामुळे नेमके निदान दंतवैद्यानेच करायचे असते.

दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले का?

सर्वांत मोठी फसगत इथे होते. मूल दोन-तीन रात्री दाढ दुखते म्हणून रडते. मेडिकलमधून गोळी किंवा सिरप आणले जाते. मग एक दिवस दुखणे आपोआप थांबते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण अनेकदा ते थांबते कारण दाताची नस मेलेली असते, किंवा पू हिरडीला भोक पाडून बाहेर येऊ लागलेला असतो. दाब कमी झाला म्हणून ठणका गेला, संसर्ग तिथेच आहे. खालच्या दातासाठी हाच काळ जास्त घातक असतो, कारण आता कोणी लक्ष देत नाही.

अँटिबायोटिकचेही असेच आहे. सूज उतरते, पण मेलेल्या नसेत औषध पोहोचत नाही. मूळ कारण तसेच राहते आणि काही आठवड्यांनी गळू पुन्हा येते.

पालकांनी पुढील खुणा पाहाव्यात:

• किडलेल्या दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी, जी फुटते आणि पुन्हा भरते
• दात काळा-करडा पडणे
• पडण्याचे वय नसताना दात हलणे
• मूल एकाच बाजूने चावणे, रात्री दुखून जागे होणे
• तोंडाला सतत घाण वास

गालावरची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. बाहेरून शेक देऊ नये. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. लवंगेचे तेल थेट हिरडीला लावल्यास लहान मुलांचे तोंड भाजते. मिश्री किंवा तंबाखू दुखणाऱ्या दाताला लावण्याची सवय तर मुलाच्या बाबतीत पूर्णपणे टाळावी.

उपचार काय असतात?

दुधाच्या दातावरही जवळजवळ मोठ्यांसारखेच उपचार होतात. कीड किती खोल गेली, यावर ते ठरतात.

• कीड वरवर असेल तर फ्लोराइडचा लेप किंवा सिमेंट भरणे पुरते.
• मूल फार लहान असेल, खुर्चीत बसत नसेल, तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे औषध लावून कीड थांबवता येते. त्याने किडलेला भाग काळा पडतो. पू झालेल्या दाताला मात्र ते चालत नाही.
• नसेचा वरचा भागच बिघडला असेल तर तेवढाच काढून औषध भरतात.
• नस पूर्ण मेली असेल तर दुधाच्या दाताचे रूट कॅनाल करतात. यात भरलेले औषध शरीरात विरघळणारे असते, म्हणजे खालचा दात वर येताना त्याला अडथळा होत नाही.
• अशा दाढेवर नंतर सहसा स्टीलची तयार कॅप बसवतात. दाढ पडते तेव्हा तीही दाढेबरोबर पडते.
• मुळांखालचे हाड फार गेले असेल किंवा संसर्ग कळीपर्यंत पोहोचला असेल तर दात काढणेच योग्य ठरते.

दात काढल्यावर काम संपत नाही. दुधाची दाढ आपल्या वारसाची जागाही राखत असते. ती लवकर गेली की मागची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेला वर यायला जागा उरत नाही. मग ती अडकते किंवा वाकडी येते आणि पुढे तारा लावण्याचा खर्च येतो. हे टाळण्यासाठी ‘स्पेस मेंटेनर’ नावाची छोटी तार बसवतात. दात काढताना ‘जागा राखण्यासाठी काही लावावे लागेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

टर्नर दात आलाच असेल तर तोही टिकवता येतो. डाग आणि खळगे दाताच्या रंगाच्या मटेरियलने भरता येतात, जास्त बिघडलेल्या दाताला कॅप लावता येते. पण हे काम आयुष्यभर अधूनमधून पुन्हा करावे लागते. चौथ्या वर्षी एकदा केलेला उपचार त्यापेक्षा बराच स्वस्त पडतो.

सहाव्या वर्षी येणारी दाढ ओळखा

एक गल्लत फार सर्रास होते. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक मोठी दाढ येते. तिच्या आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक तिलाही दुधाची समजतात आणि किडली तरी सोडून देतात. ही पहिली कायमची दाढ आहे. ती पडली तर दुसरी येत नाही. शेजारच्या दुधाच्या दाढेत कीड असेल तर नव्या दाढेलाही ती लवकर लागते. पुढून मोजत सहावा दात म्हणजे ही दाढ, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

सटाणा परिसरातील पालकांसाठी

कांदा, डाळिंब आणि द्राक्षांच्या हंगामात बागलाणमधल्या पुष्कळ घरांत आई-वडील दोघेही दिवसभर शेतात असतात. मूल आजी-आजोबांकडे किंवा अंगणवाडीत असते. रडले की बिस्किटाचा पुडा किंवा चहात बुडवलेले खारी-टोस्ट हातात दिले जाते. दवाखान्याची फेरी ‘हंगाम संपल्यावर’ म्हणून पुढे जाते. साल्हेर-मुल्हेरकडच्या गावांतून सटाण्यापर्यंत येण्यातच अर्धा दिवस जातो. म्हणूनच गावात येणारी तपासणी चुकवू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि दातांचे आजारही त्यात येतात. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा येणे अपेक्षित आहे. पथकाने ‘दातांसाठी पुढे दाखवा’ अशी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नये. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविका किंवा आशा ताईंना विचारता येते.

सटाणा येथील ग्रामीण रुग्णालयात आधी चौकशी करता येते. त्यापुढे मालेगावचे सामान्य रुग्णालय आणि नाशिकचे जिल्हा रुग्णालय आहे. नाशिकमध्ये पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथले दर सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात. निघण्यापूर्वी बाह्यरुग्ण विभागाची वेळ विचारून घ्यावी. म्हणजे फेरी फुकट जात नाही.

रोज काय करावे?

• पहिला दात दिसल्यापासून दात घासणे सुरू करावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते.
• सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचे घासणे मोठ्या माणसाने करावे. मुलाच्या हाताला मागच्या दाढा नीट घासता येत नाहीत.
• दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नये. साखर किंवा मध लावलेली चोखणी देऊ नये.
• गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. देवमामलेदारांच्या यात्रेत एक दिवस गोडीशेव खाल्ल्याने दात किडत नाहीत. रोज पाच-सहा वेळा चहा-बिस्किट खाल्ल्याने किडतात. गोड द्यायचे तर जेवणाबरोबर द्यावे.
• पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा आणि नंतर दर सहा महिन्यांनी दात दाखवून घ्यावेत.
• महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा ओठ वर करून आणि तोंड उघडून दाढा पाहाव्यात. खडूसारखा पांढरा पट्टा ही किडीची पहिली पायरी असते आणि तिथे ती थांबवता येते.

लक्षात ठेवण्यासारखे

दुधाचा पटाशीचा दात सहा-सात वर्षे तोंडात राहतो, मागची दुधाची दाढ तर दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत. एवढा काळ मूल तिच्यावर चावते आणि तिच्या मुळांमध्ये पुढचा दात वाढत असतो. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर ‘ती कधी पडेल?’ यापेक्षा ‘तिच्या खाली आता काय घडते आहे?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. त्याचे उत्तर एका एक्स-रेमध्ये मिळते. दुखणे थांबले असले तरी तो काढून घ्यावा.